बादशहाचा डावा पाय

जागेश्वरने एक्स-रेची प्लेट पाण्यातून काढली, निथळली आणि अंधारखोलीचा पडदा सारून उजेडात धरली. हाडावर काहीच नव्हतं.

त्याने ती फिरवून पुन्हा पाहिली. दोन्ही हाडं वरपासून खालपर्यंत सरळ. चीर नाही, वाक नाही, उंचवटा नाही. दुसरा कोणी असता तर ‘चला, कुत्र्याचा पाय शाबूत आहे’ म्हणून बिडी ओढायला गेला असता. जागेश्वर मात्र ती प्लेट घेऊन कपाटाकडे वळला. त्या पायाला वाक असायलाच हवा होता.

नागपूरच्या सदरमधल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात लढाईनंतरच्या लिलावात घेतलेलं एक एक्स-रेचं यंत्र होतं आणि सात वर्षं ते जागेश्वरच्या हाताखाली होतं. उमरेडच्या कोष्ट्याचा हा मुलगा. घरचा माग बंद पडला तेव्हा नागपुरात आला आणि धोतराच्या काठांऐवजी कुत्र्या-मांजरांची हाडं पाहू लागला. त्याची एक खोड होती. जनावराचं तोंड त्याच्या लक्षात राहत नसे. एकदा पाहिलेलं हाड मात्र तो विसरत नसे.

कपाटातून त्याने दोन वर्षांपूर्वीचं खाकी पाकीट शोधून काढलं. वर त्याच्याच अक्षरात होतं: ‘बादशहा. मालक चंपतराव. हुडकेश्वर. पुढचा डावा पाय.’ टांग्याचं चाक त्या पायावरून गेलं होतं. दीड महिन्यानंतर काढलेल्या प्लेटमध्ये हाड जुळलेलं होतं, पण वाकडं, आणि जुळल्या जागी बोराएवढी गाठ होती.

आता पिंजऱ्यातल्या कुत्र्याच्या गळ्यातही बादशहाचाच पट्टा होता. सकाळी गजांत पाय अडकून तो लंगडू लागला, म्हणून डॉक्टरांनी प्लेट काढायला सांगितली. पाय तोच, डावा. हाड मात्र दुसऱ्या कुत्र्याचं.

त्या पिंजऱ्यातलं कुत्रं जगतं की मरतं, यावर जागेश्वरच्या बहिणीचा जीव टांगलेला होता.

मैनाबाई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. नवरा वारल्यापासून ती आपल्या मुलीला, प्रेमिलाला घेऊन हुडकेश्वरला चंपतरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात राहत होती. झाडांची राखण करायची, कुत्र्याला खाऊ घालायचं. आठ दिवसांपूर्वी तोच बादशहा तिच्या मनगटाला चावला. निरोप मिळताच जागेश्वर सायकल मारत गेला. दातांच्या दोन खुणा होत्या. विष उतरावं म्हणून शेजारणींच्या सांगण्यावरून ती सात विहिरींत डोकावूनही आली होती. जागेश्वर हसला आणि म्हणाला, “विहिरीनं का होते वं, बाई? कुत्रं दवाखान्यात पिंजऱ्यात ठेवू. दहा दिवस कुत्रं जगलं का तू वाचली. मंग सुया नाही का काही नाही.”

पोटात चौदा सुया घ्यायच्या म्हणजे भल्याभल्यांची गाळण उडे. सुया टळल्या तर बऱ्याच, असं त्याला वाटलं. शास्त्र साधं होतं. चावताना कुत्रं पिसाळलेलं असेल तर ते दहा दिवसांत मरतंच. जगलं तर चावलेल्या माणसाला धोका नाही. कुत्रं तेव्हा झोपडीच्या मागे बांधलेलं होतं. जाऊन पाहावं, हे काही त्याला सुचलं नाही.

आणि आज आठव्या दिवशी पिंजऱ्यात निरोगी कुत्रं होतं, पण ते बादशहा नव्हतं. मग बादशहा कुठे होता? जिवंत होता का?

जागेश्वर पिंजऱ्यापाशी गेला. पिंजऱ्यांची राखण करणारा रामाजी तिथे पाणी भरत होता.

“रामाजी, हे कुत्रं हुडकेश्वरहून कोनं आनलं?”

“मीच आनलं न गा. साहेबानं बैलबंडी देऊन पाठवलं होतं मले, दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“तुह्या हवाली कोनं केलं?”

“कोनीच नाही. फाटकाले बांधून होतं. आतून कोनीतरी वरडलं, घेऊन जाय म्हने. तोंडावर पोतं टाकलं, बंडीत घातलं न आनलं.”

“पहिले कधी पाह्यलं होतं त्याले?”

“मी काहून पाहू? मी का त्याचा सोयरा होय?”

“नाव घेतलं त पाहते का?”

“बादशहा म्हनलं त कान बी हालवत नाही. मोठ्या घरचं कुत्रं, माज असन.”

“अन हा दोर?”

“त्याच्यासंगंच आला. मधात जोडला हाय, पाह्य. लांब पडते म्हनून गाठ सोडाले गेलो, त सुटतच नाही. दोन दिवस नखं झिजवली न मंग नाद सोडला.”

जागेश्वरने दोराकडे ओझरतं पाहिलं. दोन तुकड्यांच्या जोडावर एक बारीक, चपटी गाठ होती. त्याचं डोकं दुसरीकडे होतं.

“खाते का बरोबर?”

रामाजी हसला. “माह्या हातचं थोडंसं. तुह्या बहिनीची भाकर आली का मंग पाह्य कसं नाचते ते!”

यावरून सगळा दवाखाना मैनाबाईची थट्टा करी. रोज दुपारी बाजाराच्या बंडीत बसून ती हुडकेश्वरहून येई. पिंजऱ्याला कुंकवाचं बोट लावी आणि तूप चोपडलेली भाकर कुत्र्याला आपल्या हाताने भरवी. चावणाऱ्याला तूप-भाकर, असं लोक म्हणत. जाताना ती जागेश्वरला एकच प्रश्न विचारी, “आज कितवा दिवस होय?” आणि बोटं मोजत परत जाई.

दोन्ही प्लेटा घेऊन जागेश्वर डॉक्टर गोपाळरावांच्या खोलीत गेला. गोपाळराव भला माणूस. पण भल्या माणसांना वाद नको असतो, आणि तेच नेमकं अडचणीचं ठरतं.

“प्लेट उलटी लावलीस,” ते म्हणाले. “हा उजवा पाय असेल.”

“प्लेटीवर ठेवलेलं शिशाचं अक्षर पाहा न साहेब, डाव्याचंच होय. उजवा बी काढला मी मागून. तो बी सरळच हाय.”

“अरे, हाड भरून येतं.”

“पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं? बोराएवढी गाठ दोन वर्षांत पुसली जाते? तवा तुमीच म्हनाले होते, वाकडं जुळलं, आता हे जनमभर राहीन.”

गोपाळरावांनी दोन्ही प्लेटा खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या आणि बराच वेळ पाहिल्या.

“साहेब, बाईसाठी चिठ्ठी लिहून द्या. मोठ्या दवाखान्यात सुया चालू करतीन.”

“कशाच्या जोरावर देऊ? ते विचारतील, कुत्रं मेलं का? पिंजऱ्यात कुत्रं जिवंत आहे, खातंपितं आहे. लस मोजकीच येते रे. जिचं कुत्रं धडधाकट, तिला कोण देणार?” मग ते जरा नरमले. “चंपतरावांना बोलावतो. मालकाने सांगितलं, हा माझा कुत्रा नाही, की लगेच चिठ्ठी देतो. मालकापेक्षा जास्त कोण ओळखणार?”

चंपतराव जवळच राहत. तासाभरात आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. पिंजऱ्यापासून चार हात लांब उभं राहून त्यांनी एकदा पाहिलं.

“हाच माहा बादशहा.”

“मालक, जवळून पाहा न,” जागेश्वर म्हणाला.

“काहून? माह्या कुत्र्याले मी ओळखत नाही का?”

“शेवटचं कवा पाह्यलं होतं याले?”

“दिवाळीले. आपल्याले का एकच काम हाय का?”

“खाऊपिऊ कोन घालते त्याले?”

“तुहीच बहीन घालते न.”

“चावला ते तुमाले कवा समजलं?”

“तिसऱ्या दिवशी, गोपाळरावच्या चिठ्ठीवरून.”

“असं दिसनारं दुसरं कुत्रं हाय का जवळपास?”

चंपतराव गालातल्या गालात हसले. कुत्र्याच्या जातीबद्दल विचारलं की त्यांना बरं वाटे. “एका वेताची दोन पिल्लं होती. एक मी उचललं. दुसरं बगीच्याच्या पल्याड गोदूबाईच्या वाडीत गेलं. अस्सल रक्त हाय, बाप्पा!” आणि मग एकदम आवाज चढवून, “पन तुह्या फोटोपायी माह्या कुत्र्याले पिसाळलेलं ठरवतं का बे? उद्या कोर्टात उभं करशीन मले?”

पिंजऱ्यातलं कुत्रं निरोगी होतं. ते बादशहा असलं तर चंपतरावांच्या अंगाला काहीच चिकटत नव्हतं. म्हणून त्यांनी ते ओळखलं. माणसाला सोयीचं ते लवकर ओळखू येतं.

“झालं,” गोपाळराव जागेश्वरकडे न बघता म्हणाले. “मालकाने ओळखलं. आता तुझ्या प्लेटला मी काय करू?” आणि ते चंपतरावांना चहाला आत घेऊन गेले.

जागेश्वर अंधारखोलीत येऊन उभा राहिला. खरं काय ते त्याच्या हातात होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मैनाबाईला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं असतं, तरी चिठ्ठीवाचून दारातूनच परत पाठवलं असतं. लहानपणी ताप आला की मैनाबाई त्याला मांडीवर घेऊन रात्रभर बसायची. आता ती घरी बोटं मोजत होती, आणि त्याला रडू फुटलं.

कुत्रं बदललं कुणी? चंपतरावांना तिसऱ्या दिवसापर्यंत पत्ताच नव्हता. रामाजीला बादशहा कोण हेच माहीत नव्हतं, आणि त्याला मिळणार काय होतं? फाटकावर कुत्रं बांधणारा हात कुणाचा?

ओल्या प्लेटा टांगायची सुतळी औषधाच्या पाण्याने कुजली होती. नवी प्लेट अडकवताच ती तुटली. डोळे पुसत त्याने दोन्ही टोकं धरली, अंगठ्याखाली एकावर एक घेतली, एक फेरा दिला आणि ओढली. सुतळी जोडली गेली. त्याचं लक्षही नव्हतं. लक्ष गेलं ते गाठ झाल्यावर.

बारीक, चपटी गाठ.

मागावर ताण्याचा धागा तुटला की कोष्टी तो असाच जोडतो. गाठ इतकी बारीक हवी की फणीच्या दातांतून अडकल्यावाचून निघून जावी, आणि इतकी घट्ट की पुन्हा सुटू नये. दुसऱ्याला ती बांधता येत नाही. सोडताही येत नाही. कोष्ट्याच्या लेकरांना ती बोलायच्या आधी येते. त्याला ती मैनाबाईने शिकवली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. फाटकावरचा हात सापडला होता. पण का? स्वतःच्याच जिवावर कोणी असं उठतं का?

बाहेर पिंजऱ्याकडून कुत्र्याचं आनंदाचं केकाटणं ऐकू आलं. मैनाबाई आली होती.

तो धावतच बाहेर गेला आणि त्याने गोपाळरावांच्या खोलीचं दार उघडलं. “साहेब, मालक, पिंजऱ्याकडे चला. कुत्रं कोनं बदललं ते सांगतो.”

मैनाबाई उकिडवी बसून गजांमधून भाकरीचे तुकडे भरवत होती. मनगटावरच्या खुणा सुकल्या होत्या. एवढी माणसं पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

जागेश्वर बोलू लागला. “साहेब, हाडानं सांगतलं का हे कुत्रं दुसरं होय. मालकानं सांगतलं का याच्यासारखं एकच कुत्रं हाय, बादशहाचा भाऊ, गोदूबाईच्या वाडीत. रामाजीनं सांगतलं का हे बादशहा या नावाले ओळखत नाही. मंग हे इथं आनलं कोनं? ज्याचा याले लळा हाय त्यानं. चावलेलं मानूस चावनाऱ्याच्या तोंडात बोटं घालून भाकर भरवते का? आमी सारे हासलो. हासाचं नव्हतं, पाहाचं होतं. तिले ठाऊक होतं का हे चावलेलं कुत्रं नोहे.” त्याने दोर उचलून जोड दाखवला. “अन ही गाठ कोष्ट्याची होय. चंपतरावच्या बगीच्यात कोष्ट्याचा हात एकाच मानसाचा हाय.”

नाव काही त्याच्या तोंडून निघेना.

“मीच आनलं या भुऱ्याले,” मैनाबाई सहज म्हणाली. नाव ऐकताच कुत्र्याने कान टवकारले. “त्यात का झालं गा, जागू?”

“काहून, बाई? काहून केलं वं असं?”

“तूच त सांगतलं होतं. तू गेला न बादशहाचा जबडा लोंबला. लाळ गळे. पान्यापाशी जाय न पेता येत नव्हतं त्याले. पहाटेले मेला. संत्र्याच्या खालच्या वळीत पुरला मी. मंग रडत बसली. तू म्हनला होता, पिंजऱ्यात दहा दिवस कुत्रं जगलं का मी वाचली. मेलेलं कुत्रं कसं जगन? म्हनून गोदूबाईले मांगून हा आनला. चांगला धट्टाकट्टा पाहून आनला. विहिरी सात पाहाच्या असतेत, तसं हे दहा दिवस कुत्रं जगवाचं, असंच समजली मी. मोठ्या घरून तूप मांगून जगवला याले.” तिने बोटं मोजली. “दोनच दिवस राहिले आता.”

चंपतरावांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आपण मघाशी काय ओळखलं होतं, हे त्यांना आत्ता उमगलं असावं. ते मान खाली घालून फाटकाकडे चालू लागले.

“जबडा लोंबला होता? नक्की?” गोपाळरावांनी विचारलं.

“हो जी.”

पिसाळल्याची याहून पक्की खूण नव्हती. त्यांनी तिथेच, रामाजीच्या बादलीवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. रामाजी टांगा आणायला पळाला. जागेश्वर डॉक्टरांच्या मागोमाग दोन पावलं गेला.

“साहेब, आठ दिवस झाले. लागू पडतीन न सुया?”

गोपाळरावांनी चष्मा काढला. “लवकर दिल्या तर बहुधा पडतात. आठ दिवसांनी... मला सांगता येत नाही रे. तू मला दोन प्लेटा दाखवल्या होत्यास. मी मालकाचं ऐकलं.”

पण जागेश्वर त्यांना दोष देऊ शकत नव्हता. गुन्हेगार शोधायला तो निघाला होता आणि तो त्याला स्वतःतच सापडला होता. मैनाबाईने फक्त ऐकलं होतं. शिकलेल्या भावाने सांगितलेलं तिने देवाच्या कौलासारखं जसंच्या तसं पाळलं होतं. दहा दिवस कशासाठी, हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. विहिरींवर हसायला त्याला वेळ होता. एवढं सांगायला नव्हता.

टांगा यायचा होता. मैनाबाई सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून घाबरली होती. तिने मनगट पुढे केलं.

“जागू, माह्या हाताचा फोटो काढ न गा. आत काही गेलं असन त दिसन.”

माणसांची प्लेट काढायची तिथे परवानगी नव्हती. गोपाळरावांनी पाठ फिरवली. जागेश्वरला दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून त्याने तिचा हात टेबलावर ठेवला, हलू नको म्हणाला आणि प्लेट काढली. अंधारखोलीत लाल दिव्याखाली ती हळूहळू उमटली. मनगटाची बारीक हाडं, बोटांची लांब हाडं. सगळी सरळ, स्वच्छ. ज्या हाताने त्याला गाठ बांधायला शिकवलं, तो हात आतून असा होता.

“दिसलं का गा काही?” पडद्याबाहेरून तिने विचारलं.

“नाही, बाई.”

“म्हंजे वाचली मी?”

हो म्हणणं फार सोपं होतं. आठ दिवसांपूर्वी तो असंच सोपं काहीतरी म्हणाला होता. तो बाहेर आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“फोटोत ते दिसत नाही, बाई,” तो म्हणाला, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. लाळेतून काय जातं, ते हातातून कसं वर चढतं, कुत्रं दहा दिवस का ठेवतात, ते तेच कुत्रं का हवं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. त्याचं सांगून झालं तेव्हा टांगा फाटकाशी उभा होता.

मैनाबाई उठली. प्रेमिलाला आपल्या घरी घेऊन जा, म्हणाली. मग ती पिंजऱ्यापाशी गेली, उरलेली भाकर आत सरकवली आणि दार उघडलं. दोराचा जोड हातात घेऊन तिने अंगठ्याच्या नखाने गाठ किंचित मागे ढकलली. रामाजीला दोन दिवसांत न सुटलेली गाठ क्षणात मोकळी झाली.

“गोदूबाईकडे पोचवून दे गा याले,” ती रामाजीला म्हणाली. “आता काहून बांधून ठेवाचं?”

कुत्र्याच्या गळ्यातून सोडून दोराचे दोन तुकडे तिने जागेश्वरच्या हातात दिले आणि ती टांग्यात जाऊन बसली.